उंबरा, पाव्हणा आणि लोकलहोस्ट

‘लोकलहोस्ट’ हा शब्द आता उंब्रजसारख्या गावातल्या मुलांच्याही तोंडी रुळला आहे. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेले हे कऱ्हाड तालुक्यातले गाव. इथली मुलेमुली संगणक शिकायला कऱ्हाडला, साताऱ्याला, पुण्याला जातात. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स घालतात, त्यावर वेब सर्व्हर बसवतात आणि आपली संकेतस्थळे आधी घरच्या घरी चालवून पाहतात. त्यांच्या बोलण्यात सर्व्हर, होस्ट, पोर्ट, लॉग, परमिशन हे शब्द सारखे येतात. हे शब्द इंग्रजी, म्हणून परके आणि परके म्हणून अवघड, अशी समजूत घरातल्या मोठ्यांची असते, शिकणाऱ्यांचीही असते. शब्द फोडून पाहिले की ही समजूत टिकत नाही. त्यांच्या पोटातून दार निघते, पाहुणा निघतो, चाकरी निघते, दप्तर निघते. या सगळ्यांसाठी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या शब्द आहेत.

आधी वस्तू पाहू, मग शब्दांकडे वळू. आपण मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते पान दूरच्या कुठल्या तरी संगणकावरून येते. मागणारा इकडे, देणारा तिकडे. संकेतस्थळ तयार करणाऱ्याला प्रत्येक बारीकसा बदल असा दूर पाठवून पाहणे परवडत नाही. वेळ जातो, रेंज गेली की काम अडते, आणि अर्धवट पान चारचौघांना दिसते. म्हणून तो देणाराही आपल्याच संगणकात बसवतो. लिनक्सचा उबंटू हा प्रकार असेल तर टर्मिनलमध्ये एक ओळ पुरते: सुडो एपीटी इन्स्टॉल अपाची२. अपाची हा पाने देणारा प्रोग्रॅम. जोडीला पाने घडवणारी पीएचपी ही भाषा आणि माहिती साठवणारे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी बसवले की लिनक्ससह चौघांचा संच पुरा होतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘लॅम्प’ म्हणतात. मग ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करून एंटर दाबायचे. अपाचीचे स्वागताचे पान समोर येते. एकदा हे सामान उतरवून घेतले की पुढे इंटरनेट नसले तरी काम चालू राहते.

आता शब्द. पहिला मान सर्व्हरचा.

लॅटिनमध्ये ‘सेर्वुस’ म्हणजे दास. त्यावरून ‘सेर्वीरे’ म्हणजे चाकरी करणे. फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत ‘सर्व्ह’ झाला आणि चाकरी करणारा तो सर्व्हर. याच कुळातला ‘सर्व्हिस’ आपल्याकडे नोकरीच्या अर्थाने केव्हाच घरचा झाला. ‘मुलगा सर्व्हिसला आहे’ हे वाक्य कोणाला इंग्रजी वाटत नाही. पोलिसांतला सार्जंटही याच घराण्यातला, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थ सेवा करणारा असाच आहे. संगणकाच्या कामाला हे नाव चपखल बसले. सर्व्हर मागितल्यावाचून काही देत नाही. मागणी येईपर्यंत कान देऊन उभा असतो. अपाचीच्या एका फाइलीत ‘लिसन ८०’ अशी ओळच लिहिलेली असते. ऐक, असा तो हुकूम आहे.

मराठीत त्याची जोडी सेवकाशी लागते. ‘सेव्’ या संस्कृत धातूचे अर्थ मात्र चाकरीपुरते थांबत नाहीत. जवळ राहणे, सोबत असणे, एखाद्या ठिकाणी नित्य जाणे, उपभोग घेणे हे सगळे त्यात आहे. म्हणून औषधाचे सेवन होते आणि तीर्थसेवा घडते. सेवक म्हणजे आधी जवळ असणारा, मग हुकूम झेलणारा. घरच्याच संगणकात बसलेल्या सर्व्हरला लोकल म्हणजे स्थानिक असे विशेषण इंग्रजीला वेगळे लावावे लागते; जवळ असण्याचा तो अर्थ ‘सेव्’ धातूत आधीपासून आहे.

उंब्रजमध्ये सेवक म्हटले की डोळ्यांपुढे मारुती उभा राहतो. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे, आणि समर्थांच्या रामाचे चाफळ इथून जवळच. समर्थांनी ‘दास’ हा शब्द आपल्या नावातच धारण केला. नवविधा भक्तीत दास्य ही सातवी भक्ती. रोमन दास दुसऱ्याच्या मालकीचा असे. दास्यभक्तीतला दास आपणहून दास होतो. मराठीत ‘सेवक’ म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही, ते या परंपरेमुळे. संगणकाच्या जगात हा प्रश्न अगदी अलीकडे धसाला लागला. २०२० साली मायएसक्यूएलने ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ ही आपली जुनी जोडी सोडायचे जाहीर केले, कारण त्यातला गुलामगिरीचा उल्लेख लोकांना खुपत होता. सर्व्हर मात्र टिकला. त्याच्याही मुळाशी दासच आहे, पण वापराने तो अर्थ घासून गेला आणि उरली ती सेवा.

दुसरा शब्द होस्ट, आणि शब्दचर्चेच्या दृष्टीने सगळ्यांत श्रीमंत. लॅटिन ‘होस्पेस’ या एकाच शब्दाचे अर्थ दोन: पाहुणचार करणारा आणि पाहुणचार घेणारा. त्याचे जुने रूप ‘अतिथींचा पती’ अशा अर्थाचे असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यातला ‘पति’ आणि गणपती, सेनापती यांतला ‘पति’ एकाच मुळाचे. हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल ही त्याचीच लेकरे. आणि त्याच मुळाचा आणखी एक लॅटिन शब्द आहे ‘होस्तिस’. तो आधी परका, मग शत्रू. दारात आलेला अनोळखी माणूस जेवायला बसवायचा की हत्यार उचलायचे, हे ठरण्याआधीचा क्षण या शब्दांत अडकून राहिला आहे.

आपल्याकडे होस्टला यजमान म्हणायची रीत आहे. पण यजमानाची चाल उलटी. ‘यज्’ धातूवरून आलेल्या या शब्दाचा अर्थ आपल्यासाठी यज्ञ करवून घेणारा. काम करायचे ते ऋत्विजांनी, फळ मिळायचे ते यजमानाला. पुढे जोशी-उपाध्ये ज्या घरांची धर्मकृत्ये करीत त्या घरांना यजमान म्हणू लागले. उत्तरेकडची ‘जजमानी’ पद्धत या शब्दावरूनच ओळखली जाते. म्हणजे मूळ अर्थाने यजमान हा सेवा घेणारा आहे, संगणकाच्या बोलीत क्लायंट. मग तो घरधनी झाला, बायकांच्या बोलण्यात ‘आमचे यजमान’ म्हणून नवरा झाला आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य करणाराही झाला. इतके फिरून तो होस्टच्या शेजारी येऊन बसला आहे.

क्लायंटसाठी वकिलांच्या मराठीत ‘अशील’ हा शब्द आहे. तो अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ यावरून आला. अशील हा मूळ पक्षकार, आणि त्याच्या वतीने बोलणारा तो वकील. ब्राउझर आपल्या वतीने सर्व्हरकडे पान मागतो, तेव्हा काटेकोर बोलायचे तर ब्राउझर वकील ठरतो आणि कळफलकापुढे बसलेला माणूस अशील.

आणि पाहुणा? संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृतात ‘पाहुण’, मराठीत पाहुणा. सातारा-सांगलीच्या बोलीत त्याचे ‘पाव्हणं’ झाले. या पट्ट्यात एसटीत शेजारी बसलेल्या अगदी अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असे विचारतात. लॅटिनने परक्याला पाहुणा आणि शत्रू अशी दोन टोके दाखवली. सातारी बोलीने त्याला न विचारताच पाहुण्यात जमा केले. फार दिवसांनी येणाऱ्या सोयऱ्याला ‘उंबराचं फूल झालास की’ म्हणतात, तेही इथलेच बोलणे.

आता लोकलहोस्टवर नेमके काय घडते ते जवळून पाहू. लोकलहोस्टचा आकडी पत्ता १२७.०.०.१. १२७ ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते आपल्याच संगणकासाठी राखून ठेवलेले आहेत. या पत्त्यावर पाठवलेला निरोप तारेत किंवा हवेत जातच नाही. संगणकाच्या आतल्या आत वळून माघारी येतो. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ टाकून पान उघडा आणि मग अपाचीची नोंदवही पाहा. शेवटच्या ओळीत पहिला रकाना पाहुण्याच्या पत्त्याचा. तिथे १२७.०.०.१ लिहिलेले असते. पुढे तारीख, वेळ, काय मागितले, आणि २०० हा आकडा, म्हणजे मागितले ते मिळाले. पाहुणा कोण? आपणच. यजमान कोण? तोही आपणच. ‘होस्पेस’ या शब्दाने दोन हजार वर्षांपूर्वी एका पोटात ठेवलेले दोन अर्थ या एका ओळीत पुन्हा एकत्र आले आहेत.

उबंटूत ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ अशी ओळ असते. तिच्याखाली त्याच आकड्यापुढे आपल्याला हवे ते नाव लिहिता येते. ‘उंब्रज.टेस्ट’ लिहिले तर पुढे ब्राउझरमध्ये उंब्रज.टेस्ट टाकल्यावर आपलेच पान उघडते. नावाच्या शेवटी लागणारे ‘टेस्ट’ हे शेपूट १९९९ साली अशाच सरावासाठी राखून ठेवले गेले, ‘लोकलहोस्ट’ही त्याच वेळी. त्यामुळे जगातल्या कोणत्याही खऱ्या संकेतस्थळाशी त्याची टक्कर होत नाही.

या फाइलीत गावाचे नाव लिहिले की पोर्टचा, म्हणजे दाराचा, विषय आपोआप निघतो, कारण उंब्रज या नावात उंबर उघड दिसतो. उंबर म्हणजे संस्कृत उदुंबर, दत्ताचा औदुंबर. आणि संस्कृत कोशांत उदुंबर शब्दाचा झाडाखेरीज दिलेला एक अर्थ आहे घराचा उंबरठा. मराठीत तो उंबरा झाला. उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यात शिंकू नये, नव्या सुनेने माप ओलांडून आत यावे, असे त्याचे संस्कार आहेत. आणि गावाची मोजदादही याच शब्दाने होते. वाडी केवढी, तर ‘शे-दीडशे उंबऱ्यांची’. उंबरा म्हणजे घर, कारण घराचे घरपण तिथे सुरू होते.

इंग्रजीत ‘पोर्ट’ हे दोन लॅटिन शब्दांचे एकच रूप. ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्ता’ म्हणजे दार, वेस. दोघांच्या मुळाशी पलीकडे जाणे हा भाव. आपल्या ‘पार करणे’ मधला पार याच मुळाचा. संगणकातला पोर्ट दाराच्या बाजूचा. एकाच संगणकाचा पत्ता एक असला तरी त्याला शून्यापासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांची दारे असतात. वेबची पाने ८० क्रमांकाच्या दारी, सुरक्षित जोडणी ४४३ वर, मायएसक्यूएल ३३०६ वर. एका उंबऱ्यावर एकच चाकर ऐकत उभा राहू शकतो. ८० वर आधीच कोणी बसले असेल तर अपाची सुरूच होत नाही आणि ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाची तक्रार करतो. नव्याने शिकणाऱ्याला ही अडचण हमखास येते. ‘पोर्ट ऑक्युपाइड’ म्हणून ती समजावण्यापेक्षा ‘त्या उंबऱ्यावर दुसरा कोणी उभा आहे, तो कोण ते बघ’ म्हटले की तो स्वतःच शोधायला लागतो. १,०२४ च्या खालची दारे मुख्य मालकाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाहीत. म्हणून सरावासाठी बरेच जण ८०८० किंवा ३००० घेतात.

लोकलहोस्ट म्हणजे काय, याचे मला पटलेले उत्तर उंबरा या शब्दात आहे. घराचा उंबरा न ओलांडता केलेला सगळा सराव, तो लोकलहोस्ट.

या कामात भेटणाऱ्या विशेषनामांकडे आता भरभर पाहू. लिनक्स हे नाव फिनलंडच्या लिनुस टोर्वाल्ड्‌सवरून. १९९१ साली त्याने हे काम जाहीर केले तेव्हा त्याच्या मनात ‘फ्रीक्स’ असे दुसरेच नाव होते. फाइली ठेवायला जागा देणाऱ्या मित्राने फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले आणि तेच राहिले. त्याच्या मधल्या भागाला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे जुन्या इंग्रजीत छोटा दाणा, बीचा गर. मराठीत गाभा, तो गर्भ या शब्दावरून आला, आणि देवळातला गाभारा गर्भागारावरून. कर्नलभोवतीचे शेल म्हणजे टरफल. डेबियन हा लिनक्सचा आणखी एक प्रकार; ते नाव १९९३ साली इयन मर्डॉकने आपले आणि डेब्रा या मैत्रिणीचे नाव जोडून केले. मायएसक्यूएलमधली ‘माय’ आणि मारियाडीबीमधली ‘मारिया’ या त्यांचे कर्ते मिकाएल विडेनिउस यांच्या दोन मुली. अपाची हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका समाजाचे नाव. १९९५ मध्ये तो सर्व्हर जुन्या प्रोग्रॅमला ठिगळे जोडजोडून उभा राहिला, म्हणून ठिगळांचा या अर्थाच्या ‘अ पॅची’ या इंग्रजी शब्दांशी त्याचा उच्चार जुळतो याचीही आठवण लोक काढतात.

उबंटूपाशी थोडे थांबायला हवे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांचा हा शब्द. त्यात ‘न्तु’ म्हणजे माणूस आणि ‘उबु’ हा भाववाचक नाम करणारा उपसर्ग. ‘उमुन्तु’ एक माणूस, ‘अबन्तु’ अनेक माणसे. ‘बांटू’ हे भाषाकुळाचे नाव त्यावरूनच. म्हणजे उबंटूची घडण मराठी माणुसकीसारखी तंतोतंत. आपण माणूस या शब्दाला मागून ‘की’ लावतो, ते पुढून ‘उबु’ लावतात. माणूस दुसऱ्या माणसांमुळे माणूस असतो, हा त्या शब्दामागचा विचार. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने २००४ साली ही प्रणाली काढली तेव्हा हे नाव जाणीवपूर्वक निवडले, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे तिच्या सीडी मागेल त्याला टपालखर्चासह मोफत पाठवल्या. नाव आणि वागणे यांचा इतका मेळ क्वचित बसतो.

‘ओपन सोर्स’ला आपण मुक्त-स्रोत म्हणतो. संस्कृतात स्रोत म्हणजे वाहता ओघ. जिथून पाणी निघते तो उगम. इंग्रजी ‘सोर्स’ हा उगमाचा शब्द आहे. कृष्णेकाठच्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. उगम महाबळेश्वरी, उंब्रजला वाहतो तो ओघ. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमच्या उगमाचे लिखाण, आणि मुक्त म्हणजे ज्याला हवे त्याने थेट उगमापर्यंत जाऊन पाहावे, बदलावे, दुसऱ्यालाही द्यावे. ‘फ्री’ या शब्दात स्वातंत्र्य आणि फुकट हे दोन्ही अर्थ मिसळतात, म्हणून इंग्रजीत सतत खुलासा करावा लागतो. मराठीत मुक्त वेगळा आणि मोफत वेगळा. मुक्त संस्कृत, मोफत फारसी. दोन्ही घरात आहेत.

सर्व्हर बसवल्यावरचे खरे काम मात्र दप्तरात असते, आणि इथे मराठीचा फारसी-अरबी वारसा फार उपयोगी पडतो. दप्तर हा शब्द ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे यापासून फारसीत आला, कारण एके काळी लिहायचे ते कातड्यावर. घटसर्पाला डिप्थेरिया म्हणतात तो याच ग्रीक शब्दावरून. त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत, तशी लिनक्समध्ये फाइलींची फोल्डरे. फाइल म्हणजे मुळात दोरा, ज्यात कागद ओवून ठेवत. त्यातल्या एका फोल्डराचे नाव ‘एटसी’. ते लॅटिन ‘एत सेतेरा’ याचे संक्षिप्त रूप, म्हणजे इत्यादी. १९७० च्या आसपास युनिक्स ही लिनक्सच्या आधीची प्रणाली घडत होती तेव्हा कुठेच न बसणाऱ्या फाइली या इत्यादीत टाकल्या. आज संगणकाच्या सगळ्या महत्त्वाच्या मांडण्या तिथेच असतात. होस्ट्स ही फाइलही तिथलीच.

परमिशनला परवानगी. फारसी ‘परवाना’ म्हणजे अधिकारपत्र, त्यावरून परवानगी. लिनक्समध्ये ती आकड्यांनी देतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. मालकाला तिन्ही, म्हणजे ७. गटाला आणि इतरांना वाचणे-चालवणे, म्हणजे ५ आणि ५. त्यातून ७५५ हा सगळ्यांच्या परिचयाचा आकडा तयार होतो. अपाची स्वतःच्या वेगळ्या नावाने वावरतो, मालकाच्या नावाने नाही. आपण घरच्या फोल्डरात पान ठेवले आणि इतरांना परवानगी दिली नाही, तर तो ४०३ दाखवून ‘मनाई आहे’ सांगतो. पान जागेवरच नसेल तर ४०४. हे दोन आकडे वेगळे आहेत एवढे कळले तरी शोधण्याचे निम्मे काम वाचते.

‘सुडो’ म्हणजे दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा रूट या सर्वाधिकारी मालकाच्या, नावाने कर. कचेरीत याला जुना, नेमका शब्द आहे: कुलमुखत्यार. मुखत्यार म्हणजे ज्याची निवड करून अधिकार दिला तो. अखत्यार त्याच्याच कुळातला. आणि यातला ‘कुल’ संस्कृत नव्हे, अरबी, अर्थ सगळा. थोरला भाऊ मुंबईला असेल तर धाकटा कुलमुखत्यारपत्रावर त्याच्या वतीने सही करतो. सही धाकट्याची, अधिकार थोरल्याचा. सुडोचे काम हुबेहूब तेच. आणि मुखत्यारपत्रात जसे अधिकार मोजून लिहिता येतात, तसे सुडोच्या फाइलीतही कोणाला कोणता हुकूम चालवता येईल ते लिहिता येते.

पडद्याआड अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘डेमन’ म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत हे नाव पडले, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या अदृश्य कामकऱ्यावरून. ग्रीक ‘दाइमोन’ हा वाईट नव्हे. देव आणि माणूस यांच्या मधला, न दिसणारा. मराठीत त्याला राखणदार हा शब्द आयता आहे. ‘राखण’ रक्षणावरून आलेले, ‘दार’ हा फारसी प्रत्यय, आणि दोन्ही मिळून शेताशिवाराचा न दिसणारा पहारेकरी.

उरला लॉग. जहाजाचा वेग मोजायला समुद्रात ओंडका टाकत आणि वेग वहीत नोंदत. ती लॉगबुक, आणि त्यावरून लॉग. आपल्याकडे ग्रामपंचायतीत रोजकीर्द असते. फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस, ‘कीर्द’ म्हणजे केलेले. दिवसाचे केलेले, ते रोजकीर्दीत. शिवकाळातला वाकनीस हा शब्दही इथे आठवतो. अरबी ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट, आणि फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. अपाचीच्या दोन नोंदवह्या असतात: कोण आले-गेले त्याची एक आणि काय बिघडले त्याची दुसरी. सर्व्हर चालेना तर इकडेतिकडे हात मारण्याआधी ही दुसरी वही उघडावी. कारण तिच्या शेवटच्या ओळींत बहुतेक वेळा लिहिलेले सापडते.

वाकनीस आला की भाषेचा मोठा वाद समोर येतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. अष्टप्रधानांतही वाकनीसाचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. आज साडेतीनशे वर्षांनंतर हिशेब मांडला तर काय दिसते? मंत्री आणि सचिव मंत्रालयात बसले आहेत. मुजुमदार आणि वाकनीस आडनावे होऊन राहिले. चिटणीस पक्षांच्या कार्यकारिणीत आहे. आणि हुकूम, परवानगी, दप्तर जिभेवरून हललेच नाहीत. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. ज्याला जिथे काम मिळाले तिथे तो शब्द टिकला.

संगणकाच्या शब्दांचेही तेच होत आहे. ‘गणक’ म्हणजे हिशेब करणारा, ज्योतिषी. त्यावरून केलेला ‘संगणक’ सगळ्यांनी घेतला. ‘संकेतस्थळ’ हा जुन्या काव्यात प्रेमिकांनी ठरवून भेटण्याच्या जागेचा शब्द. तो छापील मराठीत रुजला, बोलण्यात मात्र वेबसाइटच. याच सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. विज्ञानाचा कोणताही विषय मराठीत सांगता येतो, हे त्या कामाने दाखवून दिले. ते साधले ते एकेक प्रतिशब्द बसवल्यामुळे जेवढे, त्याहून जास्त प्रत्येक गोष्ट मराठी वाक्यात नीट उलगडून सांगितल्यामुळे.

म्हणून माझे मत असे आहे. सर्व्हर, पोर्ट, होस्ट हे शब्द आहेत तसे राहू द्यावेत. टेबल, स्टेशन, सोसायटी राहिले तसे तेही राहतील. त्यांना ओढूनताणून जड प्रतिशब्द देण्यात मुलांचा काही फायदा नाही. पण ते समजावताना मराठीतले तयार शब्द हाताशी घ्यावेत: उंबरा, पाहुणा, परवानगी, कुलमुखत्यार, राखणदार, रोजकीर्द. हे शब्द घरात आहेत, कचेरीत आहेत, ग्रामपंचायतीत आहेत. इंग्रजी शब्द नुसता पाठ केलेला विद्यार्थी अडला की थांबतो. शब्दाचा अर्थ कळलेला विद्यार्थी अडला की विचार करतो, कारण तो शब्द काय काम करतो ते त्याला ठाऊक असते.

उंब्रज-कऱ्हाडकडच्या शिक्षकांना आणि शिकणाऱ्या मुलांना एक विनंती. एक वही करा. डावीकडे संगणकाचा शब्द, मध्ये त्याचा मूळ अर्थ, उजवीकडे आपल्या बोलीत त्यासाठी आधीपासून असलेला शब्द. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तलाठी कार्यालयातल्या जुन्या माणसांना विचारा, सोसायटीच्या सचिवांना विचारा. कोशात नसलेले शब्द त्यांच्याकडे निघतील. लोकल सर्व्हर बसवायला लागणारे शब्द तीस-चाळीसच्या पुढे जात नाहीत. ती वही झाली की तिचे पहिले पान आपल्याच संगणकावर, उंब्रज.टेस्ट या नावाने, मराठीत उघडा. आणि पान नीट दिसू लागले की ते खऱ्या सर्व्हरवर ठेवून सगळ्यांना वाचायला द्या.